पित्ताचं इंजेक्शन मागून घ्यायची गोष्ट नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जत्रा आणि लग्नसराईचे दिवस चालू झालेत, म्हणजे आता गावोगावच्या दवाखान्यात एकच वाक्य ऐकू येणार, "डॉक्टर, पित्त लई उसळलंय, एक इंजेक्शन द्या म्हणजे मोकळं." मी सरकारी दवाखान्यात मेडिकल वॉर्डला सिस्टर म्हणून बरीच वर्षं काम केलंय, आता रिटायर आहे, पण शेजारपाजारचे नात्यातले लोक अजून कागद घेऊन विचारायला येतात आणि त्यातले कितीतरी जण साध्या जळजळीला सलाईनमधून पित्ताचं इंजेक्शन घेऊन आलेले असतात. कुणी महिन्यातून दोनदा घेतं, कुणी नवरात्राचे उपास सुटले की घेतं. आपला पेपर घराघरात वाचला जातो म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

पहिल्यांदा हे सांगते की हे इंजेक्शन वाईट नाही. उलट फार मोलाचं औषध आहे, याच्यामुळं माणसं वाचताना मी बघितलीत. पॅन्टोप्राझोल नाव आहे, बहुतेक ठिकाणी तेच वापरतात, कुठं इसोमेप्राझोल असतं. एक छोटी काचेची बाटली, आत ४० मिलिग्रॅम पांढरी पावडर, त्यात १० मिली नॉर्मल सलाईन घालून ती विरघळवायची, उजेडात धरून बघायचं की पाणी स्वच्छ दिसतंय ना, कण असले किंवा रंग बदलला असला तर टाकून द्यायचं. मग शिरेतून हळूहळू, निदान दोन मिनिटं लावून, किंवा १०० मिली सलाईनमध्ये घालून पंधरा मिनिटांत सोडायचं. हे कमरेत द्यायचं इंजेक्शन नाही, फक्त शिरेतून. आणि दुसऱ्या औषधात मिसळायचं नाही, कारण हे क्षारी असतं आणि उलटीच्या इंजेक्शनसारखं दुसरं काही त्यात पडलं तर गढूळ होऊ शकतं. आता तुम्हीच आठवून बघा, गर्दीच्या दवाखान्यात एकाच बाटलीत पिवळं व्हिटॅमिन, उलटीचं, पित्ताचं सगळं एकत्र जातं की नाही. मी बघितलंय म्हणून लिहितेय.

आता हे कुणासाठी आहे ते सांगते. ज्याला रक्ताची उलटी झाली, ज्याची शौच डांबरासारखी काळी चिकट आणि घाण वासाची होतेय, म्हणजे पोटातला अल्सर रक्त सोडतोय, त्याला हे इंजेक्शन लागतं. जठरात ॲसिड असलं की तिथं रक्ताची गुठळी टिकत नाही, विरघळून जाते, म्हणून ॲसिड जवळजवळ बंदच करावं लागतं. अशा पेशंटला आधी ८० मिलिग्रॅम एकदम देतात, दुर्बिणीतून रक्तस्राव थांबवतात आणि मग तासाला ८ मिलिग्रॅम असं ७२ तास पंपावर चालू ठेवतात, काही ठिकाणी ठरावीक तासांनी डोस देतात. ते तीन दिवस महत्त्वाचे, कारण परत रक्त सुटायची भीती तेव्हाच जास्त. दुसरे म्हणजे ज्यांना तोंडाने काही जातच नाही असे, ऑपरेशन झालेले, बेशुद्ध असलेले, सारखी उलटी होणारे. आणि आयसीयूमध्ये व्हेंटिलेटरवर असलेले, त्यांना शरीरावरच्या ताणानेच जठरात जखमा होऊ शकतात म्हणून आधीच देतात. यादी बघितली तर एवढीच आहे. जत्रेत मटणाचा रस्सा जास्त झाला म्हणून घशाशी आलं, ही गोष्ट या यादीत कुठंच बसत नाही.

मग लोक म्हणतात, गोळीनं काय होतंय, इंजेक्शन जोरात काम करतं. यातलं खरं काय ते नीट समजून घ्यायला पाहिजे. जठराच्या अस्तरात ॲसिड सोडणारे बारीक पंप असतात, त्यांना प्रोटॉन पंप म्हणतात, हे औषध त्या पंपाला जाऊन चिकटतं आणि तो बंद पाडतं. औषध रक्तात एक-दोन तासच असतं पण बंद पडलेला पंप पुन्हा चालू होत नाही, शरीराला नवीन तयार करावा लागतो, म्हणून एका डोसचा परिणाम दिवसभर टिकतो. सगळे पंप एकाच वेळी चालू नसतात, त्यामुळं पूर्ण गुण यायला तीन ते पाच दिवस लागतात, मग ते गोळीतून जावो नाहीतर सुईतून. पॅन्टोप्राझोलची गोळी घेतली की त्यातलं पाऊणएक औषध रक्तात पोचतं, आणि ४० मिलिग्रॅमची गोळी आणि ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन रोज घेतलं तर ॲसिड कमी करण्यात दोन्ही साधारण सारखीच उतरतात. इंजेक्शन पहिल्या तासा-दोन तासांत लवकर सुरू होतं एवढाच फरक, तो रक्त जाणाऱ्या पेशंटला कामाचा आहे. ज्याला नुसती जळजळ आहे आणि लगेच आराम पाहिजे त्याला तर मेडिकलमध्ये मिळणारं साधं अँटासिडचं सिरप दोन्हीपेक्षा लवकर बरं वाटायला लावतं.

आणि गोळीनं गुण येत नाही म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते, गोळी कधी घेता? बहुतेक जण सांगतात, जेवल्यावर, नाहीतर त्रास झाला की. अहो इथंच घोटाळा आहे. ती गोळी सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, कारण खाल्लं की पंप चालू होतात आणि औषध चालू पंपालाच धरतं. आणि ती चावायची नाही, कुटून पाण्यात घालायची नाही, वरचं कोटिंग मुद्दाम केलेलं असतं की जठरातल्या ॲसिडनं औषध मरू नये. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका गोळी गिळायला नको म्हणून बत्त्यानं कुटून देतात, मग ती वाया जाते आणि नाव पडतं की गोळी लागू पडत नाही, सुईच पाहिजे.

पूर्वी पित्ताचं इंजेक्शन म्हणजे रॅनिटिडिन असायचं, २ मिलीत ५० मिलिग्रॅम, अजूनही खूप ठिकाणी तेच देतात. तेही शिरेतून भसकन दिलं तर नाडी मंदावू शकते, हळूच द्यावं लागतं. त्यात एनडीएमए नावाचा, कॅन्सर होण्याची शंका असलेला नको तो घटक आढळला म्हणून अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये रॅनिटिडिनची सगळी औषधं बाजारातून काढायला लावली, आणि आपल्याकडंही २०२२ च्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून त्याचं नाव गेलं. आपल्याकडं त्याच्यावर बंदी नाही, पण एवढं झाल्यावर तरी नुसत्या सवयीनं ते सुईतून देत राहणं मला पटत नाही.

माझ्या पोटातली खरी कळकळ पुढं आहे. इंजेक्शन घेतलं की जळजळ थांबते, आणि जळजळ का होतेय हा प्रश्न तिथंच दबून जातो.

आमच्या वॉर्डला एकदा ऊसतोडीची एक बाई आली होती, बीडकडची, कारखान्याच्या सीझनला टोळीबरोबर आलेली. पस्तीस-चाळिशीची असेल. आली तेव्हा नखं, डोळ्याच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या, उभी केली की चक्कर. हिमोग्लोबिन चारच्या आसपास. नवरा सांगत होता, गॅसेस झालेत, पित्ताची इंजेक्शनं चालू आहेत. चालू म्हणजे कशी, तर कंबर दुखते म्हणून जवळच्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा दुखण्याचं इंजेक्शन आणि त्याच सलाईनमध्ये पित्ताचं, शिवाय पहाटे चार वाजता फडात जायच्या आधी कोऱ्या चहाबरोबर उपाशीपोटी दुखण्याची गोळी, ती कुणी लिहून दिलेली नव्हती, टपरीवरून घेतलेली. शौचाला काळं होतंय हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं, फडात बायकांना शौचाला जायचीच पंचाईत, अंधारात जायचं, तिथं रंग कोण बघणार. तिला तीन बाटल्या रक्त चढवलं, दुर्बिणीनं तपासलं तर जठरात खोल अल्सर, त्यातून रक्त पाझरत होतं. तेव्हा तिला तेच पित्ताचं इंजेक्शन खऱ्या अर्थानं लागलं, तीन दिवस पंपावर. बरी होऊन गेली. पण जाताना मी तिच्या पिशवीतल्या गोळ्या बघितल्या, डायक्लोफिनॅकची अर्धी पट्टी तशीच होती, ती काढून घेतली आणि नवऱ्याला बाजूला बसवून समजावलं की हिचा आजार पित्ताचा नव्हताच, या गोळीचा होता.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या सगळ्या गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. आणि दुखण्याचं इंजेक्शन कमरेत घेतलं म्हणून जठर वाचतं असं अजिबात नाही, ते औषध रक्तातूनही तेच नुकसान करतं. गुडघेदुखीवाले, ऊसतोडवाले, हमाल, दिवसभर उभं राहून भाकरी थापणाऱ्या बायका, सगळे याच गोळ्यांवर दिवस काढतात. त्यांना एका हातानं अल्सर करणारं औषध आणि दुसऱ्या हातानं ॲसिड कमी करणारं इंजेक्शन देऊन भागत नाही. ज्याला खरंच रोज ॲस्पिरिन लागते, हृदयासाठी वगैरे, आणि वय जास्त आहे, त्याला डॉक्टर सोबत पोट सांभाळणारी गोळी देतात, ती बरोबर आहे, हे पत्र वाचून ती कुणी मनानं बंद करू नका.

अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी १९८२ मध्ये तो शोधला, तोवर जग म्हणत होतं की अल्सर काळजीनं आणि तिखटानं होतो. लोकांचा विश्वास बसेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः तो जंतू पिऊन दाखवला आणि त्यांना जठराचा दाह झाला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्या देशात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात हा जंतू असतो, सगळ्यांना त्रास होत नाही, पण ज्याला अल्सर झालाय त्याचा जंतू तपासायलाच पाहिजे, आणि सापडला तर दोन आठवडे ॲसिडच्या गोळीबरोबर अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स. त्यानं अल्सर मुळापासून जातो, पुन्हा पुन्हा होत नाही. आणि इथं या सारख्या इंजेक्शनांची गोम आहे, ॲसिडचं औषध चालू असताना श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली तर जंतू असूनही नाही असं येऊ शकतं, म्हणून तपासणीच्या आधी दोन आठवडे औषध थांबवायला लागतं, अर्थात डॉक्टरांना विचारून. जो माणूस दर पंधरा दिवसाला सुई घेऊन मोकळा होतोय त्याचा जंतू सापडायचा कधी?

रिफ्लक्सवाल्यांचं, म्हणजे छातीत जळजळ आणि घशाशी आंबट येणाऱ्यांचं वेगळंच आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप ढिली पडलेली असते, ती कुठल्या इंजेक्शनानं घट्ट होत नाही, औषधानं फक्त वर येणाऱ्या पाण्यातलं ॲसिड कमी होतं. याला रोज घ्यायची गोळी काही आठवडे आणि बाकी घरचे उपाय. रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवं व्हायचं बंद करा, जेवण आणि झोप यात तीन तास जाऊ द्या. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला, सहा इंच उंच करा, नुसत्या दोन उशा घेऊन उपयोग नाही, त्यानं पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. पोटाचा घेर कमी करा. तंबाखू आणि मिश्री सोडा, मला माहितीय हे सगळ्यात अवघड आहे, आमच्या भागात मिश्री लावल्याशिवाय बायकांची सकाळ होत नाही, पण पोटाच्या बाबतीत ती रोजची वैरीण आहे.

एक गोष्ट तर जीव तोडून सांगायची आहे. छातीत जळतंय म्हणजे पित्तच असं धरून चालू नका. हार्ट अटॅक कितीदा पित्ताच्या वेशात येतो, बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये तर जास्तच. घाम फुटला, दम लागला, डावा हात, जबडा, पाठ भरून आली, चालताना जळजळ वाढून थांबलं की कमी झाली, तर पित्ताची सुई मागू नका, ईसीजी मागा. इंजेक्शन दिलं, थोडं बरं वाटलं, घरी गेला आणि रात्रीत गेला, असे दाखले आमच्या पंचक्रोशीत प्रत्येकाला माहिती आहेत, फक्त लोक त्याला "ॲसिडिटी मेंदूत गेली" असलं काहीतरी म्हणतात. ॲसिडिटी मेंदूत जात नसते. तो हृदयाचा झटका होता, आणि एक ईसीजी काढला असता तर कदाचित कळला असता.

सुईचे स्वतःचे धोके वेगळेच. शीर सुजते, लाल होते, गाठ येते, एखाद्याला ॲलर्जीची मोठी रिॲक्शन येते. आणि सुई स्वच्छ नसली तर काय होतं ते २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात दिसलं, वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्यामुळं हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि कित्येक माणसं गेली. म्हणून ज्याला सुई लागतच असेल त्यानंसुद्धा सिरिंज आपल्यासमोर नवीन पाकिटातून फोडायला सांगावी, यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आणि ॲसिडचं औषध, गोळी असो वा इंजेक्शन, वर्षानुवर्षं विनाकारण चालू ठेवलं तर बी-१२ कमी होतं, मॅग्नेशियम कमी होतं, हाडं ठिसूळ व्हायचा धोका वाढतो, क्वचित किडनीला त्रास होतो. आपल्याकडं शाकाहारी लोकांचं बी-१२ आधीच तळाला, त्यात शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर अजून खाली. पाय बधिर होतात, मुंग्या येतात, आणि माणूस त्याच्यासाठी परत इंजेक्शन घ्यायला जातो. बऱ्याच दिवसांची गोळी एकदम सोडली की काही दिवस ॲसिड उलट जास्त सुटतं, माणसाला वाटतं आजार परत आला, म्हणून हळूहळू कमी करत सोडायची असते, हे कुणीतरी सांगायला पाहिजे की नाही?

यात दोष एकट्या डॉक्टरांचा आहे असं मी म्हणणार नाही. गोळ्या लिहून दिल्या तर पेशंट म्हणतो, नुसत्या गोळ्याच दिल्या, आणि पुढच्या वेळी समोरच्या दवाखान्यात जातो. डॉक्टरांनाही घर चालवायचं असतं. पण पाच मिनिटं समजावून सांगितलं तर माणसं ऐकतात, हे मी वॉर्डात रोज अनुभवलंय, अगदी न शिकलेली माणसंसुद्धा. पेशंटनं फक्त तीन गोष्टी विचाराव्यात, मला तोंडानं गोळी जात असताना सुई कशाला, हे औषध बंद कधी करायचं, आणि मला हा त्रास होतोय कशामुळं. मोठ्या दवाखान्यातही हेच. ॲडमिट झालेल्या माणसाला पहिल्या दिवशी पित्ताचं इंजेक्शन सुरू होतं, तिसऱ्या दिवशी तो जेवायला लागतो, तरी डिस्चार्जपर्यंत सुई चालूच, कारण कागदावर कुणी खोडलेलं नसतं. आणि डिस्चार्ज कार्डावर तीच गोळी लिहून येते, पुढं "चालू ठेवा" एवढंच. किती दिवस ते नाही. मग तो माणूस चार वर्षं घेत राहतो.

म्हणून दोन मागण्या आहेत. जिल्ह्यातल्या सरकारी आणि खाजगी सगळ्या दवाखान्यांनी डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक औषधापुढं बंद करायची तारीख मराठीत लिहावी, तोंडानं जेवायला लागलेल्या पेशंटची सुई गोळीवर आणायचं काम रोजच्या राउंडला व्हावं. आणि साखर कारखान्यांनी सीझनला टोळ्यांच्या तळावर जी आरोग्य शिबिरं घेतात त्यात दुखण्याच्या गोळ्या वाटून फोटो काढण्याऐवजी बायकांचं हिमोग्लोबिन तपासावं, काळ्या शौचाबद्दल बायकांनीच बायकांना विचारावं, आशाताई हे काम उत्तम करतील, त्यांना तेवढं मानधन द्या.

आपल्याला विनंती अशी की रविवारच्या आरोग्याच्या पानावर एक चौकट छापा, त्यात एवढंच असू द्या की रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, काळी चिकट शौच, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, घाम येऊन छातीत दुखणं, यातलं काहीही असलं तर गल्लीतल्या दवाखान्यात सुई न घेता सरळ मोठ्या दवाखान्यात जा, आणि छातीचं असेल तर १०८ ला फोन करा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही लिहा, नाहीतर गरोदर बाया उगाच घाबरतील. ती चौकट कापून आमच्या आशाताई ग्रामपंचायतीच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर लावतील, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
सांगली जिल्हा